खीचनच्या कुरजां : वाळवंटातले एक गाव आणि त्याचे हिवाळी पाहुणे

जून २०२५ मध्ये, जागतिक पर्यावरण दिनाच्या आदल्या दिवशी, भारतातील आणखी दोन पाणथळ जागांना रामसर यादीत स्थान मिळाल्याची बातमी आली आणि देशातील अशा स्थळांची संख्या ९१ झाली. दोन्ही जागा राजस्थानातल्या होत्या : उदयपूर जिल्ह्यातील मेनार आणि फलोदी जिल्ह्यातील खीचन. त्याआधी या राज्याची दोनच स्थळे यादीत होती, भरतपूरचे केवलादेव (१९८१) आणि सांभर सरोवर (१९९०). मधली पस्तीस वर्षे तिथे नवे नाव लागले नव्हते.

फलोदी हे नाव अनेक वाचकांना वेगळ्याच कारणासाठी आठवेल. १९ मे २०१६ रोजी तिथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. भारतातील तो उच्चांक होता. अशा प्रदेशात, फलोदीपासून चार-पाच किलोमीटरवर असलेल्या एका गावाला 'पाणथळ' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. खीचनमध्ये पाणी आहे ते दोन ठिकाणी, रातरी नाडी आणि विजयसागर तलाव. मारवाडात 'नाडी' म्हणजे नदी नव्हे. पावसाचे पाणी साठवणारे गावतळे. ही दोन तळी राजस्थानातल्या कुठल्याही गावच्या तळ्यांसारखीच आहेत. त्यांना जगाच्या नकाशावर नेले ते हिवाळ्यात त्यांच्या काठी उतरणाऱ्या क्रौंचांनी, आणि त्या क्रौंचांना तिथे थांबवून धरले ते तळ्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या एका कुंपणबंद अंगणातील ज्वारीने. या अंगणाला गावात 'चुग्गाघर' म्हणतात.

हा क्रौंच म्हणजे मराठीतला कांड्या करकोचा. जगातील सर्व क्रौंचांत तो सर्वांत लहान. उंची सुमारे ९० सेंटिमीटर, वजन दोन ते तीन किलो. अंग राखाडी, मान व छाती काळी, आणि डोळ्यामागून मानेवर रुळणारा पांढऱ्या पिसांचा झुबका. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे नामकरण करताना 'व्हर्गो', म्हणजे कुमारी, हा शब्द योजला. युरोपीय भाषांत रूढ झालेल्या 'डेमॉइझेल' या फ्रेंच नावाचा अर्थही तोच. ते नाव राणी मारी आंत्वानेतने दिले अशी आख्यायिका सांगतात. मारवाडने मात्र त्याच्या रूपापेक्षा त्याच्या येण्याजाण्याकडे अधिक लक्ष दिले. तिथे ती 'कुरजां' आहे, आणि लोकगीतांत परदेशी गेलेल्या पतीला निरोप पोचवणारी सखी आहे. ज्या प्रदेशातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारासाठी दूरदेशी जात राहिले, त्या प्रदेशाने दरवर्षी ठरल्या वेळी परतणाऱ्या पक्ष्याला दूत मानावे, यात नवल नाही. महाराष्ट्रातही हे पक्षी हिवाळ्यात जायकवाडी, उजनी अशा जलाशयांच्या परिसरात दिसतात. पण त्यांना हे नाते लाभले नाही.

निरोप घेऊन जाणारी ही सखी नेमकी जाते कुठे, याचे उत्तर मात्र गीतात नव्हते. ते शास्त्रालाही फार उशिरा मिळाले. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे पक्षी उत्तरेकडून येतात एवढे सर्वांना ठाऊक होते; अमुक पक्षी अमुक ठिकाणाहून आला हे सिद्ध करण्यासाठी त्याला ओळखीची खूण हवी होती. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धारच्या महाराजांच्या साह्याने स्थलांतरी बदकांच्या पायांत कडी अडकवण्यास आरंभ केला. कड्यावर क्रमांक आणि 'मुंबईला कळवा' अशा अर्थाची सूचना असे. पद्धत साधी होती. पण तिची एक अट क्रूर होती. कडे परत मिळायचे तर पक्षी कुणाच्या तरी हाती लागायला हवा, आणि तो बहुधा मेल्यावरच लागे. या उपक्रमाला मोठी गती मिळाली तीही एका रोगामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. त्या विषाणूचे रशियातील एका विषाणूशी साम्य आढळले, तेव्हा तो स्थलांतरी पक्ष्यांबरोबर आला असावा अशी शंका निर्माण झाली. सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर कडी अडकवण्याचे काम सुरू झाले. पक्षी दोषी ठरले नाहीत. मात्र त्यांच्या प्रवासाविषयी पुष्कळ माहिती हाती आली. विज्ञानात अशा चुकीच्या संशयांचे उपकार बरेच आहेत.

क्रौंचांच्या बाबतीत खरा उलगडा १९९० च्या दशकात झाला. उपग्रहाला संकेत पाठवणारी हलकी यंत्रे जपानी संशोधकांच्या पुढाकाराने कझाकस्तान आणि मंगोलियातील कांड्या करकोचांच्या पाठीवर बसवण्यात आली, आणि पक्षी जिवंत असतानाच त्याची वाट नकाशावर उमटू लागली. काळ्या समुद्राच्या उत्तरेपासून मंगोलिया व ईशान्य चीनपर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशात ही जात वीण करते. पश्चिमेकडचे काही थवे आफ्रिकेत जातात. कझाकस्तान आणि त्याच्या पूर्वेकडचे प्रामुख्याने भारतीय उपखंडात उतरतात. मंगोलियातून निघालेले पक्षी शरद ऋतूत तिबेटचे पठार आणि हिमालय ओलांडून सरळ दक्षिणेस येतात. नेपाळात धौलागिरी आणि अन्नपूर्णा या शिखरांमधील काली गंडकीच्या खोऱ्यातून जाणारे त्यांचे थवे प्रसिद्ध आहेत. तिथे सोनेरी गरुड थकलेल्या वा थव्यातून मागे पडलेल्या पक्ष्यांवर झडप घालतात.

परतीची वाट मात्र निराळी निघाली. वसंतात हेच पक्षी हिमालयाला सामोरे जात नाहीत. पश्चिमेकडे वळून पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया असा लांबचा वळसा घेतात. असे का, याचा शोध मंगोलियातील पक्ष्यांच्या नोंदींवरून अलीकडे घेतला गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंचावरचे वारे व उष्ण हवेचे ऊर्ध्व प्रवाह, आणि खाली जमिनीवरचे तापमान, बर्फ व हिरवळ अशा दोन्ही बाजू तपासल्या गेल्या. प्रत्येक ऋतूत पक्ष्यांनी निवडलेली वाट त्या त्या ऋतूत अधिक सोयीची असते, असा त्याचा निष्कर्ष आहे. वसंतात जवळची वाट बर्फाची आणि उपाशीपोटी उडण्याची ठरते. लांबच्या वाटेवर उतरायला आणि चरायला जागा मिळते. नकाशावर काढल्यास हा वार्षिक प्रवास मध्य आशियाभोवतीचे एक प्रचंड वर्तुळ दिसते, आणि त्याच्या दक्षिण टोकाच्या थांब्यांपैकी एक आहे खीचन.

हे गाव ओसवाल जैन व्यापाऱ्यांचे. तांबड्या वालुकाश्मात कोरलेल्या त्यांच्या हवेल्या अजून उभ्या आहेत. त्यांतील बऱ्याचशांना कुलूप असते, कारण कुटुंबे चेन्नई, मुंबई अशा शहरांत स्थिरावली आहेत. पक्ष्यांना दाणे टाकणे हा अशा गावांतला नित्यधर्म. १९७० च्या दशकात ओडिशातून गावी परतलेल्या रतनलाल मालू यांच्याकडे कबुतरांना दाणे घालण्याचे काम आले. पत्नी सुंदरबाई यांची त्यांना साथ होती. ज्वारीची पोती गावाच्या कडेला नेऊन पसरायची. कबुतरे, चिमण्या, मोर, खारी जमायच्या. एका सप्टेंबरात त्या गर्दीत मोजक्या कुरजां उतरल्या. रतनलालांनी त्यांना हुसकले नाही. दाणे वाढवले. हिवाळा संपेपर्यंत त्या राहिल्या, आणि पुढच्या वर्षी आल्या तेव्हा बरोबर आणखी होत्या.

क्रौंचांच्या स्वभावात याचे स्पष्टीकरण आहे. बदकांची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही आठवड्यांत स्वतंत्र होतात. क्रौंचांची पिल्ले पहिला हिवाळा आईबापांसोबत काढतात आणि प्रवासाची वाट, उतरण्याची ठिकाणे, चरण्याच्या जागा त्यांच्याबरोबर उडत शिकतात. एखादी सुरक्षित जागा एका पिढीला गवसली की पुढील पिढी तिथे आपोआप येते, शिवाय थव्यातील इतरही मागोमाग येतात. खीचनची कीर्ती पक्ष्यांत अशी पसरली. कुत्र्यांचा उपद्रव वाढला तेव्हा जैन समाजाने दाणे टाकण्याच्या जागेला कुंपण घातले, धान्य साठवायला कोठार बांधले, आणि दूरच्या शहरांतून गावकऱ्यांचे पैसे येत राहिले. आरंभीच्या मोजक्या पक्ष्यांचे शेकडे झाले, पुढे हजार झाले. आता ऐन मोसमात वीस हजारांहून अधिक कुरजां इथे असतात. ही जात जगभरात मिळून दोन लाखांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. म्हणजे एका गावाच्या अंगणात जगातल्या दर दहांपैकी निदान एक पक्षी. रामसरच्या निकषांनुसार एखाद्या जातीच्या समूहाचा एक टक्का हिस्सा नियमितपणे राखणारी जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. खीचनने ती मर्यादा केव्हाच ओलांडली होती.

त्यांचा दिवस शिस्तीचा असतो. रात्र उथळ पाण्याच्या किंवा मिठागरांच्या उघड्या परिसरात काढायची, कारण तिथे कोल्हा वा कुत्रा चोरपावलांनी येऊ शकत नाही. उजाडताच थवे गावावर घिरट्या घालू लागतात, आधी गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर उतरतात, आणि मग टोळ्याटोळ्यांनी चुग्गाघरात येतात. एका टोळीचे पोट भरले की दुसरी. तिथून तळ्यावर, पाणी पिताना त्या बारीक खडेही गिळतात, कारण पक्ष्यांना दात नसतात आणि कठीण दाणे पोटातल्या पेषणीत या खड्यांच्या साह्याने दळले जातात. दुपार काठावर पिसे साफ करण्यात किंवा आसपासच्या शेतांत जाते. त्याच तळ्यांवर चक्रवाक आणि शेकाटे असतात, माळावर चिंकारा आणि वाळवंटी कोल्हे. पण सकाळच्या वेळी हजारो कंठांतून निघणारा तो खर्जातला 'क्रूं-क्रूं' ध्वनी इतर सर्व आवाज गिळून टाकतो.

इथे एक प्रश्न विचारायला हवा, जो खीचनवरच्या कौतुकाच्या लेखांत सहसा विचारला जात नाही. गावाने कुरजां वाढवल्या की केवळ गोळा केल्या? उत्तर बहुधा दुसरे आहे. जे पक्षी पूर्वी मारवाडभर विखरून शेतांत, माळांवर, तळ्यांकाठी हिवाळा काढत, त्यांतील मोठा भाग आता एका ठिकाणी येतो. पक्ष्यांची संख्या वीणस्थळी ठरते, वाटेत घटते. हिवाळी मुक्कामी ती टिकवता येते. टिकवणे हेही थोडे काम नव्हे. ह्यूम आणि मार्शल यांच्या १८७९ ते १८८१ दरम्यान निघालेल्या ग्रंथात हा पक्षी शिकारीच्या पक्ष्यांत मोजलेला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला त्याच दशकात मालू दांपत्याचे काम सुरू झाले, आणि वाळवंटातल्या एका खेड्यात कायद्यापेक्षा ज्वारीचा धाक अधिक परिणामकारक ठरला असावा : ज्या पक्ष्याला सारे गाव खाऊ घालते, त्याच्यावर बंदूक उचलणे अवघड जाते.

तरीही मुक्कामाच्या जागेचे संरक्षण पुरत नाही, याचा धडा याच राज्यात आधी मिळून चुकला होता. सैबेरियन क्रौंच हा शुभ्र, अधिक मोठा आणि कितीतरी दुर्मीळ पक्षी पश्चिम सैबेरियातून भरतपूरला येत असे. १९६४-६५ च्या हिवाळ्यात तिथे सुमारे २०० मोजले गेले. केवलादेवला सर्व काही लाभले : अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, रामसर यादी, १९८५ मध्ये जागतिक वारसा दर्जा. संख्या घटतच गेली आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. हा पक्षी उथळ पाण्यातील वनस्पतींचे कंद उकरून खाई. त्याला कोरड्या अंगणात ज्वारी टाकून जगवता आले नसते. त्याहून मोठे कारण वाटेवर होते. अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा सरोवर हा त्याचा थांबा, आणि तो देश १९७९ पासून युद्धात होरपळत राहिला. पुढे पाकिस्तानातील ज्या नदीखोऱ्यांवरून तो जाई, तिथे क्रौंच पकडण्याची जुनी परंपरा आहे. कांड्या करकोचा सैबेरियन क्रौंचापेक्षा सुदैवी ठरला, कारण तो धान्य खातो, कोरड्या माळावर जगतो आणि संख्येने कितीतरी पटींनी अधिक होता. वाट मात्र दोघांची बरीचशी एकच.

खीचनमध्ये धोका आला तो आकाशातच, तारांच्या रूपाने. तळे, टेकड्या आणि चुग्गाघर यांमध्ये दिवसातून अनेकदा ये-जा करणारे हजारो पक्षी आणि त्यांच्या वाटेत वीजवाहक तारा. धडकून पाय किंवा पंख मोडलेल्या कुरजां उचलून आणणे हा गावातल्या काही तरुणांचा हिवाळी उद्योग बनला. प्रश्न राजस्थान उच्च न्यायालयापर्यंत गेला. चांगली दृष्टी असलेला, हिमालय ओलांडणारा पक्षी एका तारेवर का आदळतो? २०१० मध्ये ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ यांनी दक्षिण आफ्रिकेतील निळा क्रौंच, कोरी माळढोक आणि पांढरा करकोचा यांच्या डोळ्यांचे दृष्टिक्षेत्र मोजले. निळा क्रौंच हा आपल्या कुरजांचा सर्वांत जवळचा नातलग. या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरचा, दोन्ही डोळ्यांना एकत्र दिसणारा पट्टा अरुंद असतो. उडताना थव्यातले सोबती किंवा खालची जमीन पाहण्यासाठी निळ्या क्रौंचाने मान सुमारे ३५ अंशांनी खाली झुकवली, की प्रवासाच्या दिशेला त्याला काहीच दिसत नाही. कोरी माळढोकाला त्यासाठी सुमारे २५ अंश पुरतात. उघड्या आकाशात समोर काही आडवे येण्याची शक्यता लाखो वर्षे नव्हतीच, त्यामुळे हा दोष कधी दोष ठरला नव्हता. तारांवर चमकत्या चकत्या लावण्याचा उपाय अंशतःच लागू पडतो, याचे कारणही यातच आहे : ज्याची नजर खाली आहे, त्याला चकती कशी दिसणार?

खीचनच्या तारा हा मोठ्या जाळ्याचा एक धागा आहे. याच फलोदी जिल्ह्यात, उत्तरेकडे, भडला येथे २,२४५ मेगावॅट क्षमतेचे सौरऊर्जा उद्यान उभे आहे. थरच्या उन्हातून तयार होणारी वीज देशभर पोचवायला तारा लागतात. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०२० च्या अंदाजानुसार थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात वीजतारांमुळे वर्षाला ८४,००० च्या आसपास पक्षी मरतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट लागू करणे व्यवहार्य नसल्याचे मान्य करून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. कोळशाऐवजी सूर्य वापरणे हवेच आहे, म्हणून हा वाद अवघड आहे. त्यात एक बाजू खलनायकाची असती, तर निर्णय सोपा झाला असता.

दुसरा धोका खुद्द औदार्यातून उद्भवतो. हजारो पक्षी रोज एकाच अंगणात, एकाच तळ्यावर एकत्र येतात, तेव्हा साथीच्या रोगाला याहून अनुकूल स्थिती नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूर जिल्ह्यातील कापरडा येथे कुरजां मरू लागल्या आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला. जानेवारी २०२५ मध्ये जैसलमेर भागातही तसेच घडले. म्हणून दाणे बंद करावेत, असे कुणी गंभीरपणे सुचवत नाही. पन्नास हिवाळ्यांची सवय एका हुकुमाने मोडली तर वीस हजार पक्षी भुईमूग, हरभऱ्याच्या शेतांत उतरतील आणि शेतकऱ्याचा संयम गावच्या पुण्याइतका लांब नसतो. पण दाणे एकाऐवजी अनेक ठिकाणी टाकणे, अंगण व पाणी स्वच्छ राखणे, मेलेला पक्षी त्वरित उचलून तपासणीस पाठवणे या गोष्टी गावाच्या हातातल्या आहेत. रामसर दर्जा मिळाल्यावर अशा व्यवस्थापनाची अपेक्षा अधिकृत झाली.

फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागते. दुपारी उष्ण हवेचे स्तंभ वर चढू लागले की कुरजां त्यांत शिरतात आणि पंख न हलवता गोल गोल फिरत ठिपक्याएवढ्या होईतो उंच जातात. आरंभी त्या संध्याकाळी परत उतरतात. मार्चमध्ये एकेक थवा उतरत नाही. तेव्हा त्यांची दिशा वायव्य असते. सिंधूचे मैदान ओलांडल्यावर लक्की मरवत, बन्नू आणि कुर्रम नदीचे खोरे येते. तिथल्या नदीकाठी त्या दिवसांत रात्री तंबू पडतात. पाळलेले क्रौंच खुंटाला बांधून त्यांच्या हाकांनी थवा खाली ओढला जातो, आणि तो आटोक्यात आला की शिशाचा गोळा बांधलेली लांब दोरी वर भिरकावली जाते. तिला तिथे 'सोया' म्हणतात. ती पंखांना वेढून पक्षी जिवंत खाली येतो, आणि पुढच्या वर्षी तोच खुंटाला बांधला जातो. त्या खोऱ्यातून जे सुटतात, ते एप्रिलमध्ये गवताळ प्रदेशात पोचतात. खीचनच्या चुग्गाघरात तोवर पुन्हा कबुतरे, मोर आणि खारी असतात. कोठारात सप्टेंबरसाठी ज्वारी भरणे सुरू होते.